फुसका बार : ठासणीची बंदूक, तिचे बिघाड आणि मराठवाडा

एखाद्या पुढाऱ्याने मोठा गौप्यस्फोट करण्याची घोषणा करावी आणि पत्रकार परिषदेत हाती काहीच लागू नये, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला मथळा ठरलेला असतो : ‘फुसका बार’. भाषणात ‘ठासून सांगणे’, भांडणाला ‘बत्ती लावणे’, लग्नाचा ‘बार उडवणे’ हे शब्दप्रयोगही आपण रोज करतो. हे सारे शब्द एकाच वस्तूच्या सहवासात घडले. ती वस्तू म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक किंवा तोफ. हिंदुस्थानीत ‘रंजक चाट जाना’ असा एक वाक्प्रचार आहे. कानाशी ठेवलेली रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, भुर्रकन जळून जाते, पण नळीतला बार काही उडत नाही. बंदुकीने रंजक चाटली आणि ती गप्प बसली.

इतिहासाच्या पुस्तकांत बंदूक भेटते ती सुटलेली. किती तोफा होत्या, किती माणसे पडली, कोण जिंकले, याच्या नोंदी असतात. न सुटलेल्या बंदुकीची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ती भाषेने ठेवली. बार फुसका का गेला, याचा शोध घेणे हे काही शतके बंदूक बाळगणाऱ्या माणसाचेच काम होते. दारू तो स्वतः मापायचा, शिशाची गोळी स्वतः ओतायचा, गजाने बार स्वतः ठासायचा आणि काही बिनसले तर दोषही स्वतःच हुडकायचा. पुढे हे काम त्याच्या हातून कारखान्याकडे गेले. या बदलाने केवळ बंदुकीचे तंत्र बदलले नाही, तर बंदुकीवर हुकूम कोणाचा हेही बदलले. परभणी आणि आसपासच्या मुलखाचा इतिहास या अंगाने पाहिला, तर १९४८ सालच्या काही गोष्टींचाही उलगडा होतो.

बिघाडांचे पाच प्रकार

ठासणीच्या बंदुकीचे बिघाड समजायला तिची रचना थोडक्यात पाहू. एका टोकाने बंद अशी लोखंडी नळी. बंद टोकाजवळ बाजूला बारीक भोक, त्याला मराठीत ‘कान’ म्हणत. नळीत दारू, वर कापडाचा किंवा काथ्याचा बोळा आणि गोळी. कानाशी रंजक. तोडेदार बंदुकीत पेटती जामगी रंजकीला टेकवायची. पुढच्या चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी तेच काम करी.

यातला पहिला शत्रू म्हणजे ओल. दारूतला सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यातले इतर क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात दारू दमट झाली की ती नुसती धुमसते. दुसरा बिघाड कानाचा. दारूची काजळी साचून कान बुजला, की रंजक पेटूनही आग आत पोहोचत नाही. म्हणून बंदूकवाला कान मोकळा करायला सुई जवळ बाळगत असे. शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकण्याची जी रीत होती, तिचे मर्मही हेच.

तिसरा बिघाड गोळी आणि नळी यांच्या मापाचा. काही बार उडाले की नळीत काजळीचा थर बसतो आणि अगदी मापाची गोळी आत जाईनाशी होते. म्हणून इंग्रजी पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी सुमारे ०.७५ इंच व्यासाची, पण गोळी सुमारे ०.६९ इंचाची ठेवत. भरणे सोपे होई, पण नेम जाई. चौथा बिघाड ठासण्याचा. गोळी दारूवर घट्ट न बसता मध्येच अडकली आणि पोकळी राहिली, तर बार उडताना नळीच फुटण्याची भीती. पाचवा आणि सर्वांत घातक बिघाड म्हणजे आधीचा बार उडालाच नाही, हे लक्षात न येता त्यावर दुसरा बार भरणे.

हे शेवटचे उदाहरण अडाणीपणाचे वाटेल, पण तसे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांत एकावर एक दोन बार होते. काहींत त्याहूनही अधिक. शिकवलेले, कवायत केलेले सैनिक गोंगाटात आपली बंदूक उडाली की नाही हेही ओळखू शकले नव्हते.

आज्ञापत्रातला दारूखाना

आपल्याकडे या बिघाडांकडे पाहण्याची जाण होती, याचा उत्तम पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यातील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी जे सांगितले आहे, ते गोदामाच्या कुठल्याही आधुनिक नियमावलीत शोभेल. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्याला कुंपण असावे, खाली तळघर करून त्यात गच्ची जमीन करावी, दारू जमिनीला न टेकवता माचावर ठेवावी, सर्दी पोहोचू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, उन्हात घालावेत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू देऊ नये.

ओल, आग आणि चोरी या तिन्हींचा विचार इथे एकत्र केलेला आहे. विशेष लक्षात घ्यावे ते हवालदाराचे येणे. दारू बिघडली तर जबाबदार कोण, हे आधीच ठरवलेले आहे. पुढे पेशवाईत राज्याने दारूगोळ्याचे स्वतःचे कारखाने उभारले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरच्या १९२८ सालच्या ग्रंथात जुन्नरकडील आंबेगव्हाण येथे माधवराव पेशव्यांच्या काळात चाललेल्या तोफगोळ्यांच्या कारखान्याची नोंद घेतली आहे. तरीही किल्ल्यावरच्या किंवा गढीवरच्या माणसाला आपली दारू आपणच जपावी लागे.

परभणी जिल्ह्याचा दारूगोळ्याच्या इतिहासाशी संबंध यापेक्षाही जुना आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ घराण्याचे वतन पाथरीचे. फिरिश्त्याने दिलेल्या हकिकतीनुसार हे घराणे तिथल्या कुलकर्ण्यांचे. सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी मिळवण्यासाठी आधी अदलाबदलीची बोलणी केली आणि नंतर लढाई. याच बुऱ्हाणशहाच्या कारकिर्दीत १५४९ साली अहमदनगरला ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ ओतली गेली. आज ती विजापूरच्या तटावर आहे. १५६५ सालच्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याच्या चलबी रूमीखानाने शत्रू अगदी जवळ आल्यावर तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याची नाणी भरून बार उडवले, असेही फिरिश्ता सांगतो. ठासणीच्या शस्त्राचे सामर्थ्य यात दिसते. ते काय गिळेल, हे भरणाऱ्याच्या हातात असते. कारखान्यातून माल आला नाही म्हणून ते अडून बसत नाही.

ज्याची दारू त्याची बंदूक

अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात दोन प्रकारच्या बंदुका शेजारी शेजारी नांदत होत्या. एकीकडे मिशेल रेमाँ या फ्रेंच सरदाराने हैदराबादेत १७८६ साली तोफांचा कारखाना काढून कवायती पलटणी उभ्या केल्या. या पलटणींच्या बंदुका, काडतुसे, तोसदाने राज्याची होती. १७९८ साली रेमाँ मरण पावला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी या फ्रेंच पलटणी मोडून काढल्या, तेव्हा त्यांची शस्त्रेही एका झटक्यात काढून घेता आली. दुसरीकडे होते अरब, रोहिले आणि गावोगावचे नाईक-देशमुख. त्यांच्या तोडेदार बंदुका स्वतःच्या, दारू स्वतःची, गोळीचा साचा स्वतःचा. लांब नळी आणि मापाची गोळी यांमुळे या बंदुका भरायला वेळ लागे, पण त्यांचा पल्ला कवायती बंदुकीपेक्षा लांब असे.

पैनगंगेच्या परिसरात नौसाजी नाईक या हटकर सरदाराने नोव्ह्याच्या गढीतून निजाम आणि इंग्रज या दोघांनाही आव्हान दिले, ते अशाच अरब बंदूकवाल्यांच्या भरवशावर. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेला गढीभोवती रीतसर वेढा घालून, मोर्चे बांधून ती घ्यावी लागली. हुकूमनामा पाठवून किंवा पुरवठा तोडून अशी गढी नमत नसे.

त्यानंतर हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे मोठे ठाणे झाले. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज अशी ही फौज. हिंगोली तेव्हा आणि पुढे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत विलीन होऊन ही छावणी उठली. मधल्या ऐंशीएक वर्षांत जगभरची बंदूक इतकी बदलली, की सैनिकाच्या बाबतीत घरी बार भरण्याची गोष्टच संपली.

दुरुस्तीतून उठलेले वादळ

हा बदल म्हणजे वर सांगितलेल्या पाच बिघाडांवर एकामागून एक काढलेले उतारे होते. पहिला उतारा ओल आणि रंजक यांवर. स्कॉटलंडमधला पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ पक्ष्यांच्या शिकारीला जाई. रंजकीचा भपका दिसताच पक्षी उडून जातात, या त्रासातून त्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग शोधला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची ‘टोपी’ आली. १८३४ साली वुलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे प्रत्येकी ६,००० बार उडवून पाहिले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फुसकी गेली, टोपीची केवळ ३६ वेळा.

दुसरा उतारा गोळीच्या मापावर. १८५३ सालच्या एन्फील्ड रायफलीत आटे होते. तिच्यासाठी गोळी अशी केली, की ती सैल आत जावी आणि बार उडताना फुगून आट्यांना घट्ट बसावी. नळीत साचणारी काजळी मऊ राहावी आणि गोळी सहज उतरावी, म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी लावलेली असे. काडतूस दाताने फोडून दारू नळीत ओतायची, हा कवायतीचा भाग.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १८५७ च्या आरंभी या चरबीच्या बातमीने छावण्या पेटल्या. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. एप्रिलमध्ये मेरठला ८५ स्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला. जून महिन्यात औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात बंड झाले, तर १७ जुलैला हैदराबादेत तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. या उठावांची कारणे अर्थातच चरबीपेक्षा पुष्कळ खोल होती. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बंदूकवाला पूर्वी स्वतःच्या गोळीला काय लावायचे हे स्वतः ठरवत असे. तेल, मेण, जे हाताशी असेल ते. आता ते दूरच्या कारखान्यात ठरू लागले होते आणि त्याने ते तोंडात धरायचे होते. इंग्रजांनाही हे कळले, कारण त्यांनी तातडीने दिलेल्या सवलती नेमक्या याच होत्या : काडतूस हाताने फोडा, वंगण स्वतःचे स्वतः लावा. म्हणजे ती क्रिया पुन्हा सैनिकाच्या हाती द्या. तोवर उशीर झाला होता.

शेवटचा उतारा पितळी काडतूस. दारू, गोळी आणि टोपी तिन्ही एका पितळी नळकांड्यात बंद. बार उडताना पितळ क्षणभर फुगून नळीला चिकटते, वायू मागे फुटू देत नाही आणि लगेच आकसून मोकळे होते. ओल, कान, ठासणी, दुहेरी भरणी, सगळ्या तक्रारी बऱ्याच अंशी मिटल्या. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना सुरू झाला. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. उठावानंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हे धोरण होतेच. पण बंदूक हाती असूनही काडतूस मोजून मिळणे, हा लगाम त्याहून बारीक आणि पक्का होता. रिकामी नळकांडी मोजून परत घेतली, की हिशेब पुरा.

१९४८ : बंदुका होत्या, काडतुसे नव्हती

आता हा धागा मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामापर्यंत आणू. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. शस्त्रे आणि दारूगोळा भारताकडून मिळत नाही, ही त्यानंतर हैदराबाद सरकारची कायमची तक्रार होती. हैदराबादच्या फौजेला आधुनिक रायफली होत्या, पण त्यांचे अन्न बाहेरून यायचे. म्हणून सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला गाठून १९४८ च्या उन्हाळ्यापासून कराचीमार्गे रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणि दारूगोळा आणण्याचा खटाटोप करावा लागला. या चोरट्या वाहतुकीबद्दल कॉटनला पुढे इंग्लंडच्या न्यायालयात २०० पौंड दंड झाला. समुद्रकिनारा नसलेल्या राज्याला काडतुसाचे परावलंबन किती महाग पडते, याचे हे उदाहरण.

पण याच राज्यात दुसरी एक फौज होती, रझाकारांची. त्या काळच्या अंदाजांनुसार त्यांच्यापैकी साधारण चौथ्या हिश्शाकडेच आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. शे-दीडशे वर्षे जुने तंत्र. भारतीय सैन्यापुढे ते पाच दिवसही टिकण्यासारखे नव्हते आणि टिकले नाही. १३ सप्टेंबरला कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली. मात्र आधीच्या वर्षभरात परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांत ज्यांच्यासमोर ही बंदूक रोखली गेली, त्यांच्या हाती बहुतेक वेळा काठी आणि गोफणच होती. निःशस्त्र गावाला दहशत घालायला ठासणीची बंदूक पुरेशी असते. शिवाय तिला कराचीहून काही आणावे लागत नाही. बाहेरचा दारूगोळा रोखून फौजेची कोंडी करता आली. गावातल्या रझाकाराची तशी कोंडी करता आली नाही, याचे एक कारण या बंदुकीत आहे.

स्वातंत्र्यसैनिकांपुढेही हाच प्रश्न उलट बाजूने होता. सरहद्दीवरच्या केंद्रांना शस्त्रे जमवायची होती आणि एकदा बंदूक मिळाली की तिच्या मापाची काडतुसे मिळवत राहायचे होते. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर घातलेला छापा आणि त्या पैशाचा काटेकोर ठेवलेला हिशेब याचा अभिमानाने उल्लेख होतो. सशस्त्र लढ्याला पैसा का लागतो, याचे उत्तरही त्यात आहे. काडतुसाची बंदूक विकत घेऊन भागत नाही. ती दर बाराला पुन्हा विकत घ्यावी लागते.

कायद्यातली ठासणी

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ सालचा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे त्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकेत हजारो लोक छंद म्हणून घरी रिकाम्या नळकांड्यांत नवी टोपी, दारू, गोळी बसवून काडतुसे भरतात, तसे इथे चालत नाही. तिकडे या छंदाच्या पुस्तकांत बिघाडांची जी प्रकरणे असतात, ती वाचताना गंमत वाटते. ओल धरलेली दारू, नीट न बसलेली टोपी, मापात न बसणारे नळकांडे, चुकून दोनदा पडलेली दारू, आणि कमी जोराचा बार उडून नळीतच अडकलेली गोळी, जिच्यावर दुसरा बार उडवला तर बंदूक फुटते. पितळ आणि यंत्रे नवी, यादी मात्र बहुतांशी तीच जुनी. बारा बोअरच्या बंदुकीचे नावही जुन्या घरगुती ओतकामातूनच आले आहे. त्या नळीच्या मापाच्या बारा गोळ्या एक पौंड शिशातून होतात, म्हणून ती बारा बोअर.

आपल्या कायद्याने ठासणीच्या बंदुकीला मात्र एक कोपरा राखून ठेवला आहे. कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. आणि लगेच एक परंतुकही : ठासणीची बंदूक पीकरक्षणाला पुरेशी परिणामकारक ठरणार नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. ही बंदूक दगा देते, हे संसदेने कायद्यातच लिहून ठेवले, असे म्हणायला हरकत नाही. भरायला वेळ लागतो, पावसात रुसते, एका बारानंतर हात रिकामे. हेच दोष सरकारला सोयीचे वाटले असणार. कारण जी बंदूक दंगलीत कुचकामी, तीच शेतकऱ्याला द्यायला निर्धास्त.

जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा गोदाकाठी तूर-सोयाबीनमध्ये रोही आणि रानडुकरांचे कळप शिरतात, तेव्हा शेतकरी आजही मुख्यतः आवाजावर भिस्त ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही; हुसकावणे एवढेच हातात उरते. फटाके, डबे, गोफण, रात्रभराची जागल. अशा रात्री बार नेमावर लागायची गरज नसते, तो वेळेवर वाजावा एवढीच अपेक्षा असते. सप्टेंबरच्या ओल्या हवेत तो वाजेल की फुसका जाईल, ही काळजी मात्र आज्ञापत्रातल्या हवालदारापासून माचाणावरच्या या राखणदारापर्यंत तशीच चालत आली आहे.